पिकअपच्या रिसीव्हरमध्ये गंजून जाम झालेला बॉल माउंट कसा काढायचा? मदत हवी आहे

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉईटच्या थोडं उत्तरेला. मागच्या हिवाळ्यात सेकंडहँड फोर्ड एफ-१५० पिकअप घेतली. २०१५ नंतरचं मॉडेल असल्यामुळे बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे वरून गाडी एकदम स्वच्छ दिसते, पण खाली वाकून बघितलं की फ्रेम आणि हिच (मागचा ट्रेलर ओढायचा जोड) दोन्ही स्टीलचे आणि त्यावर इथल्या रस्त्यावरच्या मिठाने धरलेला गंज. आधीच्या मालकाने बॉल माउंट (टोकावर ट्रेलर अडकवायचा गोळा असलेला दांडा) कधी बाहेर काढलेलाच दिसत नाही, तो २ इंची रिसीव्हरमध्ये, म्हणजे हिचच्या चौकोनी नळीत, असा बसलाय की दोन्ही तुकडे एकच वाटतात. कुलूपवाली पिन होती, किल्ली नव्हती, ती ग्राइंडरने कापून ठोकून बाहेर काढली. माउंट मात्र हातोडीने मारून, हलवून, लाथा घालून जागचा हलत नाही.

काढणं गरजेचं आहे कारण आमच्या ढोलताशा पथकाचा बंद ट्रेलर मला ओढायचा आहे. ट्रेलर छोटाच आहे, सिंगल अ‍ॅक्सल, प्लेटवर कमाल वजन २,९९० पौंड लिहिलंय. गणपतीच्या मिरवणुकीच्या आधी ढोल, ताशे, ध्वजाचे बांबू सगळं स्टोरेजमधून आणायचं असतं. ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारा भाग) २ इंची बॉलचा आहे आणि या माउंटवर बसवलेला बॉल १-७/८ इंची. वर माउंटचा ड्रॉपही (बॉल किती खाली येतो ते माप) चुकीचा आहे, ट्रेलर नाक वर करून उभा राहतो.

पीबी ब्लास्टर (गंज सोडवायचं तेल) मारून ठेवलंय. पुढे काय करू?

पाना_नंबर_१९

आधी एक गोष्ट, ती बाकी सगळ्याच्या आधी. १-७/८ बॉलवर २ इंची कपलर बसतो, लॅच पण लागतो, आणि माणसाला वाटतं जमलं. खड्डा आला की कपलर उडून बाहेर येतो. त्यामुळे "यावेळी असंच नेऊ" असा विचार कुणी डोक्यात घालत असेल तर ऐकू नका.

आता प्रश्न. १) माउंटचा शँक, म्हणजे रिसीव्हरच्या आत जाणारा भाग, पोकळ चौकोनी पाइप आहे की भरीव? पिनच्या भोकातून टॉर्च मारून बघा. २) रिसीव्हरची नळी आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पुढच्या दिशेला उघडी आहे का? या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. ओहायोत हे काम दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाच्या ड्राइव्हवेवर चालू असतं.

रविवारचा_माणूस

सोपं आहे की, बॉलला साखळी बांधा, दुसरं टोक जाड झाडाला, आणि गाडी पुढे घ्या हळूच. झटका दिला की येतं बाहेर. माझ्या शेजाऱ्याने असंच काढलं होतं.

पाना_नंबर_१९

नाही. कृपया हे कुणी करू नका. बॉल हा सरळ ओढ सहन करायला बनवलेला असतो, झटक्याला नाही. बॉलचा दांडा तुटला की तो लोखंडी गोळा ताणलेल्या साखळीबरोबर सुटतो आणि जे समोर येईल त्यातून जातो. ऑस्ट्रेलियात अडकलेल्या गाड्या टो बॉलला पट्टा लावून ओढताना माणसं मेली आहेत आणि तिथे याबद्दल सारखे इशारे दिले जातात. शेजाऱ्याचं निघालं, बरं झालं, पण ही पद्धत दुसऱ्याला सांगण्यासारखी नाही.

रविवारचा_माणूस

ठीक आहे, बॉलला नाही बांधायचं. पण मग ओढायचं कशाला धरून? ओढल्याशिवाय निघणार कसं?

ट्रॉलीवाला_कागल

भावांनो, मी कागलचा, आमच्याकडं गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं काम असतंय. तुमची पिकअप आणि आमचा ट्रॅक्टर वेगळा पण गंज एकच. उसाच्या फडात चिखल, वर रस आणि मळी सांडलेली, ट्रॉलीच्या हुकाची पिन आणि ड्रॉबार हंगाम संपल्यावर तसाच पावसात उभा राहिला की पुढच्या दसऱ्याला जाम. नवीन पोरं येतात आणि घण घेऊन पिनवरच सुटतात, पिनचं डोकं फुलतंय आणि मग ती भोकातून कधीच येत नाही.

आमचा मिस्त्री शिकवायचा, जे अडकलंय त्याला कमी मारा, ज्यात अडकलंय त्याला जास्त मारा. म्हणजे तुमच्या बाबतीत माउंट सोडा, बाहेरची चौकोनी नळी चारी बाजूंनी ठोका. लय जोरात नाही. दोन किलोचा हातोडा, मध्यम मार, सारखा मार, आणि मधे मधे डिझेल नाहीतर रॉकेल सोडत राहायचं. आत जो गंज पावडर होऊन घट्ट बसलाय त्याला तडा गेला पाहिजे, तडा गेला की तेल आत शिरतंय. तडा नसताना कितीबी महागाचं तेल मारा, ते वरच्या वर वाहून जातंय. घाई करू नका, आज ठोका, तेल सोडा, उद्या परत ठोका. दादा, पाच सूत (५/८ इंची) पिनचं भोक हाय ना, तेल सोडायला त्याच्यासारखी जागा नाही, नळीच्या मधोमध उतरतंय.

तळ्याकाठी

ट्रॉलीवाले दादा, खूप आभार. पिनच्या भोकाचं सुचलंच नव्हतं, मी फक्त तोंडाकडूनच मारत होतो.

पाना, उत्तरं: शँक पोकळ आहे. आतली बाजू उघडी असावी असं वाटतंय पण स्पेअर व्हील मधे आहे त्यामुळे नीट दिसत नाही. फोटो टाकलाय. ड्राइव्हवेला उतार आहे, काही फायदा?

पाना_नंबर_१९

उताराचा खूप फायदा. नाक खाली, शेपूट वर अशी लावा, चाकांना ठोकळे लावा, मग तोंडातून सोडलेलं तेल आपोआप आत उतरेल. रात्रभर तशीच राहू दे. दुसऱ्या दिवशी उलटी लावून आतल्या टोकाकडून सोडा.

शँक पोकळ आहे ही सगळ्यात चांगली बातमी, कारण शेवटचा उपाय तुमच्या हातात आहे. तो नंतर सांगतो, आधी बाकीचं करून बघा.

सनदी_निवृत्त

मी पुण्यात असतो, आयुष्य फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटमध्ये गेलं. ट्रॉलीवाल्यांनी जे सांगितलं त्यामागचं कारण मांडतो, म्हणजे आपण नेमकं कशाशी झगडतोय ते कळेल.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, पाणी धरलेला गंज तर त्याहूनही जास्त. नळी आणि शँक यांच्यात सुरुवातीला थोडी फट असते, म्हणूनच तो सहज आत-बाहेर होतो. त्या फटीत मीठपाणी गेलं, गंज धरला, गंजाला वाढायला जागा नाही, मग तो दोन्ही भिंतींवर दाब देत बसतो. म्हणजे तुमचा माउंट चिकटलेला नाही, तो चहूबाजूंनी आवळलेला आहे. सरळ ओढताना तुम्ही त्या संपूर्ण आवळलेल्या पृष्ठभागाच्या घर्षणाशी एकदम लढता. हादरे दिले की तो ठिसूळ थर जागोजागी फुटतो आणि पकड तुकड्या-तुकड्याने सुटते.

उष्णतेचंही तसंच. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. २ इंची नळीचा बाहेरचा भाग आतल्या शँकपेक्षा १५० अंशांनी जास्त तापला तर फरक पडतो जेमतेम ०.०९ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण गंजाचा थर मोडायला तेवढा पुरतो. अट एकच, बाहेरचं पटकन तापलं पाहिजे आणि आतलं थंड राहिलं पाहिजे. हळूहळू तापवत बसलात तर दोन्ही एकत्र फुगतात आणि हाती काही लागत नाही. आणि लाल करू नका. रिसीव्हर वजन ओढणारा भाग आहे, त्याच्या वेल्डजवळ लाल होईपर्यंत तापवणं मला मान्य नाही.

कॅलगरीकरीण

काकांनी किती छान समजावलंय! मी कॅलगरीत आहे, घरच्या दोन्ही पिकअपचं काम मीच करते, नवऱ्याला गाडीच्या खाली शिरायला आवडत नाही. इकडे थंडी इतकी की साधं मीठ एका मर्यादेनंतर काम करत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड पण वापरतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे ते जिथे चिकटतं तिथला भाग सुकतच नाही. घरी गाडी कोरडी दिसली तरी रिसीव्हरच्या आत ओलच असते.

माझा अनुभव: हाताच्या हातोड्याने जे होत नाही ते एअर हॅमरने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने) होतं. चिझल टोक नाही लावायचं, बोथट गोल हॅमर बिट लावायचं. स्पेअर व्हील खाली उतरवा आणि आतल्या बाजूने शँकच्या मागच्या कडेवर एअर हॅमर धरा, म्हणजे त्याला बाहेर ढकलायचं. त्याच वेळी दुसरं कुणी बाहेरून नळीच्या कोपऱ्यांवर हातोडा मारत असेल तर उत्तम. कंप्रेसर नसेल तर टूल रेंटलवाल्यांकडे मिळतो.

पण तळ्याकाठी, स्पेअर उतरवताना जपून. तो ज्या केबलवर लटकलेला असतो ना ती पण गंजलेली असते, बंपरमधल्या भोकातून रॉड घालून फिरवायची असते, खाली झोपून तिच्याखाली डोकं ठेवू नका. एका दगडात दोन कामं होतील, स्पेअर निघतोय की नाही ते पण कळेल, रस्त्यात पंक्चर झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं चांगलं.

आणि आवाज ऐका! हे कुणी सांगत नाही. जाम असताना नळीवर मारलं की बद्द आवाज येतो. थर सुटायला लागला की आवाज बदलतो, थोडा मोकळा, खणखणीत होतो. तो बदलला की समजायचं आपण योग्य मार्गावर आहोत, डोळ्याला हालचाल दिसत नसली तरी.

रविवारचा_माणूस

अ‍ॅसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल निम्मं निम्मं मिसळून घरगुती तेल करतात, ते पीबी ब्लास्टरपेक्षा भारी असतं म्हणे. आणि डब्ल्यूडी-४०?

पाना_नंबर_१९

निळ्या-पिवळ्या डब्यातलं साधं डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, इतक्या जाम गोष्टीला ते कमी पडतं. अ‍ॅसिटोनचं मिश्रण काम करतं, पण दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, प्रत्येक वेळी ढवळून घ्यावं लागतं, आणि अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशालासुद्धा पेट घेते. पुढे तापवायला गॅस टॉर्च लावायचा विचार असेल तर अ‍ॅसिटोनच्या नादी लागूच नका.

गॅस टॉर्च लावणाऱ्यांसाठी अजून काही गोष्टी. ब्रेक क्लीनरने पुसून लगेच तापवू नका, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर ज्योतीत गेला की फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. माउंटवर जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा धूरही छातीत घ्यायचा नाही. ७-पिनचं वायरिंग सॉकेट रिसीव्हरच्या अगदी शेजारी असतं, बंपरमध्ये पार्किंग सेन्सर असतात, ते सगळं सोडवून बाजूला बांधा नाहीतर ओल्या जाड कापडाने झाका. शेजारी पाण्याची नळी चालू. आणि डोळ्यांना चष्मा हवाच, विशेषतः बॉलवर हातोडा मारू नका, तो टणक असतो, त्याची कपची उडते.

ट्रॉलीवाला_कागल

मेणबत्ती विसरू नका. तापलेल्या फटीवर मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आपोआप आत ओढलं जातंय, तेलापेक्षा आत जातंय कधी कधी. धूर होतोय पण तेलासारखा भडका होत नाही. आमच्याकडं नट-बोल्टला हमखास करतात.

तळ्याकाठी

अपडेट. स्पेअर उतरला, केबल कुरकुरली पण चालली. (ताई, थँक यू, ते आधी करून घेतलं ते बरं झालं, चाकाच्या वरच्या बाजूला मिठाचा पांढरा थर होता.) आतली बाजू खरंच उघडी आहे, शँकची मागची कड स्पष्ट दिसते. रोज संध्याकाळी ऑफिसमधून आलो की ठोकणं आणि तेल चालू आहे. भोकातून तेल घातल्यापासून तोंडाशी तांबडं तांबडं पाणी झिरपतंय, म्हणजे काहीतरी आरपार जातंय. हलत मात्र काहीच नाही. आवाज अजून बद्दच.

बॉल काढून टाकला, त्याचा नट १-१/८ इंची होता, म्हणजे बॉलचा दांडा पाऊण इंची. आता बॉलचं भोक मोकळं आहे. तिथे शॅकल (यू आकाराची कडी) घालून स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन मागे आपटून ओढायचं हत्यार) लावता येईल का?

आणि पाना, तो शेवटचा उपाय सांगून ठेवा, गणपती जवळ आलेत.

पाना_नंबर_१९

स्लाइड हॅमर चालेल, रविवारच्या माणसाला जे ओढायला हवं होतं ते हेच. भोकात शॅकल, शॅकलला स्लाइड हॅमर. इथे ठोका जातो पण कुठेही ताणून ठेवलेली ताकद नसते, सुटलं तर फार तर तुमच्या हातात येईल.

शेवटचा उपाय: माउंटचा बाहेरचा भाग रिसीव्हरच्या तोंडाशी ग्राइंडरने सपाट कापून टाका. आत उरतो पोकळ चौकोनी पाइप. लांब बायमेटल ब्लेड लावून सॉझॉल (पुढे-मागे चालणारी विजेची करवत) आत घाला आणि पाइपच्या एका भिंतीत लांबीभर खाच पाडा, समोरच्या भिंतीतही पाडा. भिंत पूर्ण कापायची नाही, रिसीव्हरला ब्लेड लागायला नको, शेवटचा पापुद्रा ठेवायचा. मग छिन्नीने आतल्या आत दुमडला की आवळणारी पकडच जाते आणि तो कोलमडून निघतो. वेळखाऊ, कंटाळवाणं, पण हमखास.

मला एकच म्हणायचंय. नवीन बॉल माउंट ३०-४० डॉलरला मिळतो. रिसीव्हर मात्र फ्रेमला बोल्ट केलेला आहे आणि ट्रेलरचा सगळा भार तोच घेणार. म्हणून माउंटवर दयामाया नको, रिसीव्हरला ओरखडासुद्धा नको. बरेच लोक उलटं करतात, माउंट वाचवायला जाऊन रिसीव्हरचं तोंड वाकवतात.

सनदी_निवृत्त

पूर्ण सहमत. आणि ठोकताना नळीच्या सपाट भिंतीच्या मधोमध मारू नका, ती आत दबेल आणि शँक आणखी आवळला जाईल. कोपऱ्यांच्या जवळ मारा, आणि तोंडाशी जी जाड कॉलर असते तिच्यावर. बहुतेक वेळा सगळ्यात घट्ट तिथेच असतं, कारण मिठाचं पाणी तिथूनच शिरतं.

कॅलगरीकरीण

आणि एकदा हलला की लगेच ओढून काढायची घाई करू नका हं. पाव इंच बाहेर आला की परत आत ठोका. तेल. परत बाहेर. सुटलेला गंजाचा भुगा बाहेर पडू दे, नाहीतर तो पुढे गोळा होऊन पाचरीसारखा बसतो आणि अर्ध्यावर परत जाम.

तळ्याकाठी

निघाला!!!

सविस्तर सांगतो कारण पुढे कुणाला उपयोग होईल. एअर हॅमर आणि कंप्रेसर भाड्याने आणला. पथकातला एक मित्र मदतीला आला. वायरिंगचं सॉकेट सोडवून बाजूला बांधलं, बंपरखाली ओली गोणपाटं, तेल आदल्या दिवशीपासून बंद ठेवलं होतं आणि तोंड कापडाने कोरडं केलं होतं. काकांनी सांगितल्याप्रमाणे फक्त तोंडाच्या कॉलरला मॅप-प्रो गॅसच्या टॉर्चने चारी बाजूंनी पटापट तापवलं, लाल अजिबात नाही, रंगातून धूर यायला लागला तिथे थांबलो. मेणबत्ती टेकवली, दादा, मेण खरंच आत ओढलं गेलं, डोळ्यांनी बघितलं. मग टॉर्च लांब ठेवून मी आतून एअर हॅमर आणि मित्र बाहेरून कोपऱ्यांवर हातोडा.

सुरुवातीला काही नाही. मग आवाज बदलला. ताई, तुम्ही म्हणालात तसाच, मित्रालाही कळलं, त्याने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. ढोलवाला आहे, त्याचे कान तयार आहेत. त्यानंतर माउंट केसभर पुढे आला. परत आत, परत बाहेर, तेल, आणि प्रत्येक वेळी तांबडा भुगा सांडत होता. शेवटचा टप्पा स्लाइड हॅमरने. कापायची वेळ आली नाही.

आता रिसीव्हरची तपासणी कशी करू? लगेच नवीन माउंट घालायचा नाहीये मला, मनात शंका ठेवून ट्रेलरला गाडी जोडायची नाही, मागे बाकीच्यांच्या गाड्या असतात.

पाना_नंबर_१९

अभिनंदन! फार चांगलं काम केलंत आणि घाईत केलं नाहीत.

तपासणी: तारेच्या ब्रशने आतून घासून भुगा काढा. टॉर्चने चारी भिंती बघा, कुठे खोल खड्डे पडलेत का, पातळ झालीय का. पिनचं भोक गोल आहे की लांबट झालंय ते नवीन ५/८ पिन घालून बघा, खूप खडखड करत असेल तर ते वाईट लक्षण. कॉलरच्या आणि फ्रेमकडच्या वेल्डवर केसासारखी चीर आहे का, घासल्याशिवाय दिसणार नाही. फ्रेमला जे बोल्ट आहेत त्यांचीही अवस्था बघा. चीर दिसली तर पूर्ण रिसीव्हर बदला, वेल्ड मारून चालवू नका. सगळं ठीक असेल तर रिसीव्हरवरचं लेबल वाचा, आणि लक्षात ठेवा की रिसीव्हर, माउंट, बॉल आणि कपलर यात ज्याची क्षमता सगळ्यात कमी तीच तुमची खरी क्षमता. ट्रेलर भरताना एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा, सगळे ढोल मागच्या दाराशी लावले तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

तळ्याकाठी

चीर नाही, भोक गोल आहे, वरच्या भिंतीला थोडे उथळ खड्डे आहेत पण जाडी चांगली आहे. एका ओळखीच्या वेल्डरलाही दाखवलं, तो म्हणाला चालेल. ढोल अ‍ॅक्सलच्या थोडे पुढे लावतो. आता परत जाम होऊ नये म्हणून काय लावू? ग्रीस?

ट्रॉलीवाला_कागल

ग्रीस लावलं की धूळ-रेती धरतंय, ती आत घासत राहते. पातळ हात लावा फक्त. आणि काम झालं की काढून ठेवा, एवढं केलं तर काहीच लावलं नाही तरी चालतंय.

कॅलगरीकरीण

मी निकेलवालं अँटी-सीझ (धातू जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) शँकवर अगदी पातळ लावते आणि रिसीव्हरच्या आत हिवाळ्याआधी फ्लुइड फिल्म, ते लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनतं, ओल्यातसुद्धा चिकटून राहतं. तोंडाला रबरी टोपी लावायची असेल तर आतून कोरडं करूनच लावा, आणि अधूनमधून काढून बघा, ओल आत कोंडली तर टोपीचा उलटा त्रास होतो.

रविवारचा_माणूस

मग अ‍ॅल्युमिनियमचाच बॉल माउंट घेतला तर? तो तर गंजत नाही.

सनदी_निवृत्त

गंजत नाही, पण स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियम आणि मधे मीठपाणी असेल तर दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होतं आणि अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी तयार होते. तीही फुगते, तीही आवळते. हलका म्हणून जरूर घ्या, पण मोसम संपला की काढून ठेवावा लागतो तो लागतोच.

तळ्याकाठी

स्टीलचाच घेतला, २ इंच ड्रॉपचा, २ इंची बॉल. आज रिकामा ट्रेलर जोडून बघितला, अगदी सपाट उभा राहिला. बॉलचा नट पाकिटावर लिहिलेल्या टॉर्कला घट्ट केला, त्या आट्यांना अँटी-सीझ लावलं नाही. साखळ्या कपलरखाली क्रॉस करून लावल्या, दिवे सगळे लागतात. शनिवारी ढोल आणायला जातोय. सगळ्यांचे मनापासून आभार, पथकाच्या सरावाचा व्हिडिओ टाकतो इथेच.

ट्रॉलीवाला_कागल

टाका टाका. आणि परत आला की आधी पिन काढा आणि माउंट गॅरेजमधे टांगा, मग चहा.